गाठ काढल्यावर जुने स्कॅन प्लॅनिंग सीटीवर कसे बसवायचे

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन पेशंट रेडिएशनसाठी आपल्याकडे येतात, तेव्हा गाठ शरीरात राहिलेली नसते. ज्या जागेला जास्तीचा डोस द्यायचा ती जागा प्लॅनिंग सीटीत, म्हणजे रेडिएशन आखण्यासाठी आपण घेतो त्या सीटी स्कॅनमध्ये, पुसट दिसते, कधी दिसतच नाही. म्हणून ऑपरेशनआधीचे स्कॅन मागवायचे, ते प्लॅनिंग सीटीवर बसवायचे आणि गाठ नेमकी कुठे होती ते शोधायचं. याला आपण फ्यूजन म्हणतो. सॉफ्टवेअरमध्ये ते एका बटणावर होतं. स्क्रीनवर दोन रंगांचं छान चित्र येतं आणि नवीन माणसाला वाटतं, झालं काम.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. आमच्याकडे पेशंट सातारा, सांगली, सोलापूर, बेळगाव अशा सगळ्या बाजूंनी येतात. ऑपरेशन एका गावात, पेट-सीटी (कॅन्सरची जागा चमकून दिसते तो स्कॅन) दुसऱ्या शहरात, केमो तिसरीकडे, असं बहुतेकींचं असतं. त्यामुळे दुसरीकडचे स्कॅन आपल्या सीटीशी जुळवणं हे रोजचं काम आहे. विभागात नव्याने आलेल्या मुलामुलींना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. स्तन स्तनावर बसवायला जाऊ नका. सर्जननी ज्याला हात लावलेला नाही त्यावर जुळवा, म्हणजे बरगड्या, स्टर्नम (छातीचं मधलं हाड), मणके. आणि तेही आपल्याला जिथे बघायचंय त्याच्या लगतच्या हाडांवर. अख्खी छाती एकदम जुळवायला गेलात तर सगळीकडे थोडं थोडं चुकतं, आणि नेमकं हवं तिथे किती चुकलंय ते कळत नाही.

आधी प्रश्न ठरवा

डॉक्टरांना विचारा, "जुन्या स्कॅनमधून काय हवंय?" उत्तर साधारण दोनपैकी एक असतं. एक, स्तन राखून गाठ काढली आहे आणि त्या जागेला बूस्ट, म्हणजे जास्तीचा डोस, द्यायचा आहे. दोन, आधी केमो झाली, गाठी विरघळल्या, मग ऑपरेशन झालं. आता केमोआधीच्या पेट-सीटीत काखेत, कॉलरबोनच्या वर किंवा स्टर्नमच्या कडेला जी लिम्फ नोड चमकत होती, तिची जागा आजच्या सीटीवर हवी आहे. दोन्ही प्रश्नांना फ्यूजन वेगवेगळं करावं लागतं. एकाच पेशंटचे दोन्ही प्रश्न असतील तर दोन फ्यूजन करा आणि दोघांना वेगळी नावं द्या.

बूस्टबद्दल थोडं, कारण जागा चुकली तर काय जातं ते माहीत असावं. युरोपातल्या ईओआरटीसी या कॅन्सर संशोधन संस्थेच्या मोठ्या चाचणीत ५,३१८ स्त्रिया होत्या. सगळ्यांना पूर्ण स्तनाला ५० ग्रे (ग्रे हे डोसचं एकक) दिले आणि निम्म्यांना वर १६ ग्रे बूस्ट. २०१५ साली वीस वर्षांचे निष्कर्ष आले. त्याच स्तनात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण बूस्टशिवाय १६.४ टक्के होतं, बूस्टने १२ टक्क्यांवर आलं. सगळ्यात जास्त फायदा तरुण स्त्रियांना झाला. पण स्तन फार कडक होण्याचं, म्हणजे तीव्र फायब्रोसिसचं, प्रमाण १.८ टक्क्यांवरून ५.२ टक्क्यांवर गेलं. म्हणजे बूस्ट चुकीच्या जागी पडला तर फायदा मिळत नाहीच, फायब्रोसिस मात्र पदरात पडतो. आता पूर्ण स्तनाला ४० ग्रे, १५ लाईटमध्ये (रेडिएशनच्या एका बैठकीला लाईट म्हणतात) देतात, आणि फास्ट-फॉरवर्ड चाचणीनंतर काही जणींना २६ ग्रे, ५ लाईटमध्ये. दर वेळचा डोस वाढला की जागेची चूक जास्त महाग पडते.

कागद गोळा करा, मग सीडी

माऊसला हात लावण्याआधी ऑपरेशन नोट आणि हिस्टोपॅथॉलॉजीचा (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) रिपोर्ट वाचा. नोटमध्ये तीन गोष्टी शोधा: गाठीच्या जागेवर खूण म्हणून क्लिपा लावल्या का आणि किती, काप कुठे घेतला, आणि उरलेला स्तन कसा शिवला, शेजारचं मांस सरकवून खड्डा भरला का. ऑन्कोप्लास्टी, म्हणजे गाठ काढून स्तनाला पुन्हा आकार देण्याची शस्त्रक्रिया, झाली असेल तर बाहेरचा व्रण आणि आतली जागा यांचा संबंध सुटलेला असतो. व्रण निपलच्या भोवती आणि गाठ मुळात काखेच्या बाजूला, असं सर्रास दिसतं. नोटमध्ये काही नसेल तर सर्जनना फोन करा. संकोच करू नका. बहुतेक सर्जन आनंदाने सांगतात, कारण त्यांनाही आपल्या पेशंटचं बरं व्हावं असंच वाटतं.

हिस्टोपॅथमधून गाठीचा आकार आणि प्रत्येक दिशेचं मोकळं मार्जिन (गाठीभोवतीचा काढलेला, कॅन्सर नसलेला भाग) लिहून घ्या. जीईसी-एस्ट्रो या युरोपातल्या रेडिएशन तज्ज्ञांच्या गटाच्या पद्धतीत गाठीच्या कडेपासून सगळ्या बाजूंनी एकूण २ सेंटिमीटर धरतात आणि त्यातून त्या त्या दिशेला सर्जननी आधीच काढलेलं मार्जिन वजा करतात. वरच्या बाजूला १२ मिलिमीटर मोकळं असेल तर तिथे फक्त ८ वाढवायचे. हे करायला गाठ मूळची कुठे होती हे कळावं लागतं, आणि त्यासाठीच तर फ्यूजन.

सीडी घेताना पेशंटचं नाव, वय आणि बाजू तपासा. डावा की उजवा, हे रिपोर्टवर, सीडीवर आणि प्रत्यक्ष पेशंटवर, तिन्हीकडे एकच असलं पाहिजे. मग तारीख बघा. केमो झालेल्या बाईंच्या पिशवीत दोन-तीन पेट-सीटी असतात आणि नोडसाठी आपल्याला पहिलाच हवा असतो, केमोआधीचा. कधी सीडीत नुसतेच जेपीईजी फोटो निघतात. त्यांचा फ्यूजनला काही उपयोग नाही. जिथे स्कॅन झाला तिथून डायकॉम डेटा, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइल, मागवा. नातेवाईकांना "सीडीत डायकॉम द्या म्हणावं" असं कागदावर लिहून दिलं तर त्यांची एक खेप वाचते. भाड्याला पैसे मोजून येणाऱ्या माणसांसाठी एवढं करायलाच हवं.

डेटा आल्यावर त्यातली पातळ स्लाईसची सीटी सीरिज आणि पेटची करेक्शन केलेली सीरिज घ्या. रंगीत जोडचित्रं आणि फिरणारं एमआयपी (सगळ्या स्लाईस एकत्र करून बनवलेलं चित्र) घेऊ नका.

प्लॅनिंग सीटी

यावर थोडक्यात लिहिते, कारण प्रत्येक विभागाची पद्धत ठरलेली असते. ब्रेस्ट बोर्ड (पेशंटना झोपवायची उतरती फळी), हात वर, मान दुसऱ्या बाजूला, स्लाईस ३ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. व्रणावर आणि स्तनाच्या कडेने वायर लावायला विसरू नका. व्रण सीटीत आपणहून दिसत नाही.

डाव्या बाजूला श्वास रोखून प्लॅन करायचा असेल तर त्याच बैठकीत, टेबल न हलवता, साध्या श्वासातला एक सीटीही घेऊन ठेवा. पेट-सीटी साध्या श्वासात झालेला असतो. छाती फुगवून रोखलेल्या सीटीत बरगड्या आणि स्टर्नम पुढे वर सरकलेले असतात, त्यांच्यावर जुना स्कॅन नीट बसत नाही. जुना स्कॅन आधी साध्या श्वासाच्या सीटीवर बसवा, नोड कुठे आहे ते शरीराच्या भाषेत लिहून घ्या, उदाहरणार्थ "दुसऱ्या-तिसऱ्या बरगडीच्या मधे, स्टर्नमच्या कडेला लागून", आणि मग तीच जागा श्वास रोखलेल्या सीटीत शोधा. हे हाताने करायचं काम आहे आणि त्यात चूक कमी होते.

प्रत्यक्ष जुळवणी

प्लॅनिंग सीटी हा मुख्य स्कॅन. तो जागचा हलणार नाही, जुना त्याच्यावर येऊन बसेल. पेट थेट सीटीवर बसवू नका. पेटमध्ये कडा धूसर असतात, सॉफ्टवेअरला धरायला काही मिळत नाही. पेट-सीटीतला सीटी आपल्या सीटीवर बसवा. त्याच मशीनवर, त्याच बैठकीत घेतलेला पेट त्याच्याबरोबर आपोआप येतो, कारण दोघांची फ्रेम ऑफ रेफरन्स (जागा मोजायची चौकट) एकच असते.

आता बटण दाबण्याआधी हाताने ढोबळ बसवा. हे टाळू नका. पेट-सीटी सपाट झोपवून झालेला असतो आणि आपल्या पेशंट ब्रेस्ट बोर्डवर उतारावर झोपलेल्या असतात. त्यामुळे कडेच्या दृश्यात, म्हणजे सॅजिटलमध्ये, दोन स्टर्नमच्या रेषांमध्ये स्पष्ट कोन दिसतो. जुना स्कॅन तेवढा फिरवून घ्या. न फिरवता ऑटो लावलं तर सॉफ्टवेअर कधी कधी एक बरगडी सोडून पुढच्या बरगडीवर जाऊन अडकतं. बरगड्या सगळ्या सारख्या दिसतात आणि आकडा चांगला येतो, त्यामुळे पटकन लक्षातही येत नाही. म्हणून बरगड्या मोजा. स्टर्नमला दुसरी बरगडी जिथे जोडलेली असते तिथे उंचवटा असतो, तिथून खाली मोजत जा, दोन्ही स्कॅनमध्ये.

मग जुळवणीचा चौकोन आखा. बूस्टसाठी त्या स्तनाखालच्या बरगड्या आणि स्टर्नमची तेवढीच बाजू. स्तन चौकोनाच्या बाहेर ठेवता आला तर उत्तम. स्टर्नमच्या कडेच्या नोडसाठी स्टर्नम आणि पहिल्या तीन-चार बरगड्यांची पुढची टोकं. कॉलरबोनच्या वरच्या नोडसाठी मानेचे खालचे आणि पाठीचे वरचे मणके, कॉलरबोनचं आतलं टोक. खांदा आणि दंड नको, हात कोणत्या कोनात होता त्यावर ते हलतात. काखेचं सगळ्यात अवघड. तिथे कुठलंच हाड विश्वासाचं नसतं, खांद्याचं पान हाताबरोबर सरकतं. मी तिथे छातीच्या बाजूच्या बरगड्यांवर जुळवते आणि मग काखेतली रक्तवाहिनी बघून किती फरक राहिला ते डॉक्टरांना मिलिमीटरमध्ये सांगते.

ऑटो रजिस्ट्रेशन, म्हणजे सॉफ्टवेअरची जुळवणी, रिजिड ठेवा: स्कॅन फक्त सरकवायचा-फिरवायचा, ताणायचा नाही. सीटीवर सीटी असेल तर साधी तीव्रतेची तुलना चालते. उताणं झोपवून केलेला एमआरआय असेल तर म्युच्युअल इन्फर्मेशन ही तुलनेची पद्धत निवडा, कारण दोघांत हाड आणि चरबी यांचा उजेड वेगळा असतो.

तपासणी

इथे वेळ घालवा. बोन विंडो (हाडं ठळक दाखवणारी सेटिंग) लावा, स्लायडर हळूहळू इकडून तिकडे न्या आणि बरगडीची कड उडी मारते का ते पाहा. तिन्ही दृश्यांत पाहा. मग आपल्या जागेच्या आसपास ओळखता येतील असे पाच-सहा बिंदू धरून दोन्ही स्कॅनमधलं अंतर मोजा: बरगडीच्या कूर्चेचं टोक, स्टर्नमची कड, एखादं कॅल्सिफिकेशन. अमेरिकन मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेचा टीजी-१३२ हा अहवाल २०१७ चा आहे. त्यात बिंदूंची चूक व्हॉक्सेलच्या (स्कॅनच्या सगळ्यात छोट्या ठोकळ्याच्या) सर्वात मोठ्या बाजूएवढी, साधारण २ ते ३ मिलिमीटरपर्यंत असावी असं म्हटलंय. हाडांवर हे साधतं. स्तनाच्या मऊ भागात साधणार नाही, आणि साधलं नाही म्हणून तुमचं काम वाईट ठरत नाही. नोटमध्ये तसं स्पष्ट लिहा.

एक केस जवळून दाखवते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदलून. डाव्या स्तनात वर बाहेरच्या बाजूला गाठ, स्तन राखून ऑपरेशन, व्रण निपलच्या कडेने. जुना पेट-सीटी तिसऱ्या-चौथ्या बरगडीवर सुरेख बसला होता. त्यातली गाठ तिसऱ्या बरगडीच्या समोर पडत होती. प्लॅनिंग सीटीत सहा चकचकीत ठिपके दिसत होते. त्यातले दोन फार वर, छातीच्या लहान स्नायूच्या मागे, काखेतल्या शिरेला लागून. त्या गाठीच्या जागेच्या क्लिपा नव्हेत, काखेतल्या नोड काढताना रक्तवाहिनी बंद करायला लावलेल्या. सहाही ठिपके धरून कंटूर (जागेची बाह्यरेषा) काढला असता तर बूस्ट काखेपर्यंत गेला असता. उरलेल्या चार क्लिपा एकमेकींजवळ होत्या, पण फ्यूजनने दाखवलेल्या जागेच्या दीड सेंटिमीटर खाली. हाडं तर जुळलेली! मग हा फरक कुठून आला? बोर्डच्या उतारामुळे स्तन पायांच्या दिशेने ओघळतो, आणि आत मांस सरकवूनही शिवलेलं होतं. म्हणून कडा क्लिपांवरून घेतल्या. पण जुन्या स्कॅनने एक गोष्ट सांगितली जी क्लिपांनी सांगितली नव्हती: गाठ छातीच्या स्नायूपासून अगदी जवळ होती. त्यामुळे डॉक्टरांनी कंटूरची खोल बाजू स्नायूपर्यंत नेली, बरगड्यांत शिरू दिली नाही, आणि त्वचेपासून ५ मिलिमीटर आत घेतली.

क्लिपा आणि फ्यूजन यांत मतभेद झाला की मी क्लिपांच्या बाजूने असते. क्लिप आजच्या शरीरात, आजच्या जागी आहे. जुना स्कॅन तेव्हाचं शरीर दाखवतो.

क्लिपाच नसतील तर? आपल्याकडे हे नेहमीचं आहे, आणि त्यात ऑपरेशननंतर केमो झाली की सेरोमाचं, म्हणजे ऑपरेशनच्या खड्ड्यात साठलेलं, पाणीही तोपर्यंत आटलेलं असतं. अशा वेळी मॅमोग्राफी, जुना सीटी, ऑपरेशन नोट, आतल्या मांसाची ओढाताण आणि जमलं तर सोनोग्राफी, असं सगळं एकत्र मांडून डॉक्टरांबरोबर बसा. जागा खात्रीची नसेल तर तसं सांगा, बूस्ट द्यायचा का, केवढा द्यायचा हे ते त्यावरून ठरवतील. आणि ज्या सर्जनकडून पेशंट येतात त्यांना भेटून विनंती करा: खड्ड्याच्या चारही बाजूंना आणि तळाला एकेक टायटॅनियमची क्लिप लावा. पॉलिमरच्या नको, त्या सीटीत जवळपास दिसत नाहीत. काही मिनिटांचं काम आहे, आणि त्याने कुठल्याही फ्यूजनपेक्षा जास्त फायदा होतो.

डिफॉर्मेबलचा मोह

रिजिडने स्तन जुळत नाही म्हटल्यावर हात डिफॉर्मेबलच्या, म्हणजे चित्र ताणून-आवळून जुळवण्याच्या, बटणाकडे जातो. थांबा. ती पद्धत असं धरून चालते की एका चित्रातला प्रत्येक बिंदू दुसऱ्या चित्रात कुठेतरी आहे. इथे तर मधला तुकडाच काढलेला आहे. पैठणीतला एक मोर कापून कडा शिवून टाकल्या तर उरलेलं कापड कितीही ताणलं तरी त्या मोराची जागा भरत नाही. सॉफ्टवेअर मात्र ताणून भरतंच. शेजारचं चांगलं मांस आवळून जुन्या गाठीच्या जागी आणतं आणि चित्र दिसायला अचूक होतं. अशा वेळी जेकोबियनचा नकाशा (कुठे किती ताणलं-आवळलं ते दाखवणारा) उघडा. आकडा १ च्या आसपास म्हणजे मांस जसंच्या तसं, फार कमी म्हणजे आवळलं, फार जास्त म्हणजे फुगवलं, आणि शून्याखाली म्हणजे मांसाची घडी पडली, जी शरीरात होऊच शकत नाही. गाठीच्या जागी हे आकडे वेडेवाकडे दिसतील. त्यावरून गाठीचा कंटूर उचलून आणू नका.

डिफॉर्मेबल अजिबात वापरू नये असं मी म्हणत नाही. ऑपरेशननंतरच्याच दोन सीटींमध्ये, म्हणजे मधे सेरोमा आकसला म्हणून पुन्हा सीटी घेतला तेव्हा, निरोगी अवयवांचे कंटूर एकावरून दुसऱ्यावर न्यायला तो चांगला उपयोगी पडतो. तरी प्रत्येक स्लाईस बघूनच पुढे जायचं.

स्तनाचा एमआरआय हे तर वेगळंच प्रकरण. तो पालथं झोपवून करतात, स्तन कॉइलमध्ये खाली लोंबतो. आपल्या सीटीत पेशंट उताण्या असतात आणि स्तन बाजूला पसरलेला असतो. हे दोन एकमेकांवर बसवायचा प्रयत्न सोडून द्या. दोन स्क्रीनवर शेजारी शेजारी लावा आणि तीन गोष्टी टिपा: घड्याळाच्या काट्यानुसार गाठ कुठे, निपलपासून किती लांब, छातीच्या स्नायूपासून किती दूर.

नोंद आणि मशीनवर

रजिस्ट्रेशनला नाव देताना तारीख आणि हेतू घाला: "केमोआधीचा पेट, स्टर्नमच्या नोडसाठी". नोटमध्ये लिहा की चौकोन कुठे आखला, हाडांवर चूक किती राहिली आणि हे फ्यूजन कशासाठी वापरू नये. तुमची आणि डॉक्टरांची सही. ज्या फ्यूजनचा उपयोग झाला नाही ते टीपीएसमधून (प्लॅनिंगच्या सॉफ्टवेअरमधून) काढून टाका, नाहीतर महिन्याभराने दुसरं कोणी तेच उघडून बसेल.

मग हीच माहिती टेक्नॉलॉजिस्टपर्यंत न्या. पूर्ण स्तनाच्या दिवसांत मशीनवरची प्रतिमा छातीच्या भिंतीवर जुळवायची आणि बूस्टच्या दिवसांत क्लिपांवर, हे प्लॅनच्या कागदावर ठळक लिहा, आणि कोणत्या क्लिपा हे दाखवणारं एक चित्र जोडा, काखेतल्या दोन खोडून. छातीची भिंत जुळूनही क्लिपांचा पुंजका लागोपाठ काही दिवस ५ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेला दिसला, किंवा सुरुवातीला मोठा असलेला सेरोमा आटला, तर बूस्ट सुरू करण्याआधी पुन्हा सीटी घ्या. पेशंटना आणि घरच्यांना त्याचं कारण नीट समजावून सांगा, कारण पुन्हा स्कॅन म्हटलं की आजार वाढला का, ही भीती त्यांच्या मनात आधी येते.